खोलीवरची आजी आणि नातवाचे मन

दरवर्षी जून महिना लागला की नांदेड आणि लातूर या दोन शहरांकडे एक स्थलांतर सुरू होते. मुखेड, कंधार, देगलूर, किनवट, अहमदपूर, उदगीर, निलंगा अशा तालुक्यांतून आणि शेजारच्या परभणी, हिंगोली, बीड जिल्ह्यांतून हजारो मुले-मुली बारावीच्या आणि ‘नीट’च्या तयारीसाठी येतात. त्यांच्यासोबत गॅसची शेगडी, पिठाचा डबा, चटणी-लोणच्याच्या बरण्या येतात आणि पुष्कळदा एक आजीही येते. आई-वडिलांना शेती सोडता येत नाही. म्हणून लेकराच्या जेवणाखाण्याची काळजी घेण्यासाठी आजी भाड्याच्या एका खोलीत वर्ष-दोन वर्षे काढते. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात सायंकाळी फेरी मारली, तर पायरीवर बसून भाजी निवडणाऱ्या अशा कितीतरी आजी आपल्याला भेटतील. हा लेख मी विशेषतः त्यांच्यासाठी आणि गावाकडे नातवंडांच्या फोनची वाट पाहणाऱ्या आजोबांसाठी लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी अशीच एक आजी आपल्या सतरा वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. मुलाची तक्रार पोटदुखीची होती. मी पोट तपासले आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी तो डोकेदुखी घेऊन आला. मी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितले. तिसऱ्या खेपेस थकवा होता. रक्ताच्या तपासण्या निर्दोष आल्या, म्हणून मी शक्तिवर्धक औषध लिहून दिले. त्या दिवशी मुलगा बाहेर गेल्यावर आजी मागे थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “साहेब, लेकरू रातभर जागंच असतंय. ताटावरून तसंच उठायलंय. त्याच्या बापाचं दुखणं ह्याच्यात उतरलंय का, एवढं तेवढं सांगा.”

मुलाच्या वडिलांना स्किझोफ्रेनियाचा आजार होता आणि अहमदपूर तालुक्यातील गावी राहून ते औषधे घेत होते. तीन भेटींत मी ही गोष्ट विचारलीच नव्हती. पोट, डोळे, रक्त सारे तपासले. मन मात्र तपासले नाही. ही माझी चूक होती आणि ती आजीच्या एका प्रश्नाने उघडी पडली. तो प्रश्न अनेक घरांत मनातल्या मनात विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर आधी पाहू.

वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे

मानसिक आजारांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे खरे आहे. परंतु तो किती असतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. आई किंवा वडील यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल, तर अशा शंभर मुलांपैकी साधारण दहा जणांना पुढे तो आजार होण्याची शक्यता असते. याचाच अर्थ असा, की सुमारे नव्वद जणांना तो होत नाही. घरात नैराश्याचा आजार असेल, तर मुलांमध्ये त्याची शक्यता इतरांच्या दुपटी-तिपटीने वाढते; तरीही पुष्कळ मुले त्यातून सुटतात. आजार जसाच्या तसा वारशाने येत नाही. येते ती केवळ त्याकडे झुकण्याची प्रवृत्ती. त्या प्रवृत्तीवर कोणता भार पडतो आणि कोणता आधार मिळतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

किशोरवय हाच या दृष्टीने नाजूक काळ आहे. मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक विकारांपैकी जवळजवळ निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास झालेली असते. आपल्या देशात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे ७ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. या वयात मेंदूतील भावना उसळवणारा भाग लवकर जागा होतो. त्यांना आवर घालणारा, पुढचा-मागचा विचार करणारा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. नातू क्षुल्लक कारणावरून चिडतो किंवा रडतो, तेव्हा त्यात दरवेळी उद्धटपणाच असतो असे नाही.

ज्यांच्या घरात मानसिक आजार आहे, ज्यांनी आई किंवा वडील गमावले आहेत, ज्यांच्या घरी कर्ज, दारू किंवा मारहाण आहे, ज्यांना दीर्घ आजार आहे, आणि जी मुले कोवळ्या वयात घरापासून तुटून एकटी राहतात, त्यांच्याकडे आपण अधिक लक्ष दिले पाहिजे.

मनाचा चिवटपणा म्हणजे काय?

आपल्या काळ्या मातीत सोयाबीन आणि तूर शेजारी शेजारी पेरतात. पावसाने ताण दिला की सोयाबीन आधी माना टाकते. तूर मात्र तग धरते, कारण तिचे मूळ खोल गेलेले असते. ऊन दोघांनाही सारखेच लागते. मनाचा चिवटपणा हा असाच आहे. दुःख न होणे, डोळ्यांत पाणी न येणे किंवा दात-ओठ खाऊन सोसणे म्हणजे चिवटपणा नव्हे. दुःख झाल्यावर ते ओळखता येणे, कोणाजवळ तरी बोलता येणे, मदत मागता येणे आणि काही काळाने पुन्हा कामाला लागता येणे, याला चिवटपणा म्हणावे. तो जन्मजात मिळालेला गुण नाही. तो घरात, रोजच्या वागण्यातून घडतो.

याविषयीचा एक जुना आणि नावाजलेला अभ्यास हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर झाला. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांची वाटचाल चाळिशीपर्यंत पाहिली. त्यांतील काही मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातील कलह, आई-वडिलांचे मानसिक आजार असे अनेक धोके एकत्र आले होते. तरीही त्यांतील सुमारे एक-तृतीयांश मुले समर्थ, आत्मविश्वासू आणि माणसांची काळजी घेणारी प्रौढ माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट ठळकपणे आढळली: त्यांना बिनशर्त आपले म्हणणारे निदान एक स्थिर माणूस लाभले होते. आई-वडिलांना ते शक्य नव्हते, तिथे पुष्कळदा ते माणूस आजी किंवा आजोबा होते.

आपल्याकडील अनुभवही फार वेगळा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील माणसे विसरलेली नाहीत. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, पन्नासहून अधिक गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आपत्तीनंतर मुलांना सावरायचे असेल, तर शाळा लवकर सुरू व्हावी, दिवसाला ठरावीक क्रम असावा आणि ओळखीची माणसे जवळ असावीत, हे आज जगभर मानले जाते. भारतीय जैन संघटनेने त्या वेळी सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची व्यवस्था केली, ती याच विचाराची होती. त्या वेळची मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. जखम पुसली गेली असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्यापैकी अनेकांनी संसार उभे केले. चिवटपणा याहून वेगळा नसतो.

आपण घरी काय करू शकता?

पहिली गोष्ट ऐकण्याची. रोज पंधरा-वीस मिनिटे, शक्यतो जेवताना किंवा जेवणानंतर, नातवंडाजवळ बसा आणि ती वेळ मार्कांपासून मुक्त ठेवा. “टेस्टला किती पडले?” याऐवजी “आज दिवस कसा गेला?” असे विचारा. उत्तर आले नाही तरी चालेल. त्याचे बोलणे सुरू झाले की लगेच उपदेश करू नका, तोडगा सुचवू नका. “हे अवघड गेलं असेल रे तुला” एवढे एक वाक्य पुष्कळ काम करते. “एवढ्याशा गोष्टीला काय रडतोस?” हे वाक्य मात्र पुढच्या वेळी त्याचे तोंड बंद करते.

दुसरी गोष्ट भावनेला नाव देण्याची. मराठवाड्यातील मुले “डोकं उठलंय”, “मन लागंना”, “कसंतरीच व्हायलंय” असे म्हणतात. त्यामागे भीती आहे, लाज आहे, राग आहे की एकटेपणा, हे हळूच विचारावे. भावनेला नाव मिळाले की तिचा आकार कळतो आणि मग तिच्याशी वागता येते. त्यानंतर प्रश्नाचे तुकडे पाडायला शिकवावे. “मला काहीच जमत नाही” या मोठ्या गाठोड्यातून “भौतिकशास्त्राचे हे दोन धडे जमत नाहीत” एवढे बाहेर काढले की भार निम्मा होतो.

तिसरी गोष्ट शरीराची. या वयात रात्री आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे चारला उठवून आणि रात्री बारापर्यंत बसवून अभ्यास वाढत नाही. स्मरणशक्ती आणि मनःस्थिती मात्र बिघडते. घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल, तर झोपेची शिस्त औषधाइतकीच महत्त्वाची समजा. झोपताना फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावण्याचा नियम करा आणि तो आपणही पाळा. वेळेवर भाकरी-भाजी, दिवसातून अर्धा-पाऊण तास चालणे किंवा खेळणे आणि थोडे ऊन, यांना पर्याय नाही. गुटखा, सिगारेट, दारू यांपासून तर दूर ठेवायचेच. गांजाविषयी विशेष सावध राहा. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे, त्या मुलांमध्ये गांजामुळे तो आजार उद्भवण्याचा धोका वाढतो.

चौथी गोष्ट जबाबदारीची. सारे काही आयते हातात दिल्याने मूल सुखी होत नाही, परावलंबी होते. दूध आणणे, स्वतःचे कपडे धुणे, रविवारी पोळ्या लाटण्यास मदत करणे अशी लहान कामे त्याला करू द्या. अभ्यासाखेरीजही आपला उपयोग आहे, ही जाणीव परीक्षेच्या निकालापेक्षा अधिक काळ टिकते.

पाचवी गोष्ट आपल्या आठवणींची. आपल्यापैकी अनेकांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे. या गोष्टी नातवंडांना अवश्य सांगा, पण “आम्ही एवढं सोसलं, तुम्हाला काय झालंय?” अशा सुरात सांगू नका. त्या वेळी आपल्याला भीती वाटली होती, कोणी मदत केली, पुन्हा पेरणी कशी झाली, हे सांगा. पहिल्या सुरातील गोष्ट मुलाला लाजवते, दुसऱ्या सुरातील गोष्ट त्याला वाट दाखवते.

सहावी गोष्ट तुलनेची. २०२४ मध्ये ‘नीट’साठी देशभरातून सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाहूनही कमी होत्या. म्हणजे वीस मुलांमागे जेमतेम एक जागा. उरलेली एकोणीस मुले आळशी किंवा अयशस्वी असतात काय? हे साधे गणित आपण स्वतः समजून घ्यावे, सून-मुलाला समजवावे आणि प्रवेश घेतानाच नातवाजवळ बसून दुसरा आणि तिसरा मार्गही कागदावर लिहून ठेवावा. “नंबर लागला नाही तरी तू आमचाच आहेस” हे वाक्य निकालाच्या दिवशी नव्हे, त्याच्या बरेच आधी आणि अनेकदा उच्चारलेले असावे.

आणि शेवटची गोष्ट खरेपणाची. आई किंवा वडिलांचा मानसिक आजार मुलांपासून लपवला जातो. पण मुलांना तो कळतच असतो. न कळते ते त्याचे नाव. मग ती स्वतःला दोष देतात किंवा आपलेही असेच होणार म्हणून आतल्या आत घाबरतात. “तुझ्या बाबांना मेंदूचा एक आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, त्यावर औषध आहे, आणि तुला कधी काही वाटलं तर आधी मला सांग,” एवढे त्यांना स्पष्ट सांगावे.

कोणत्या खुणा दुर्लक्षू नयेत?

चिवटपणा हा आधार आहे, उपचाराला पर्याय नाही. पुढील खुणा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या तर डॉक्टरांना भेटा: झोप किंवा भूक फार कमी अथवा फार जास्त होणे, मित्र, खेळ, आवडीच्या गोष्टी सोडून देणे, सततची चिडचिड, कारण न सापडणारी पोटदुखी, डोकेदुखी, धडधड, मार्क एकाएकी घसरणे, आंघोळीकडे, कपड्यांकडे दुर्लक्ष. कानात आवाज येतात, लोक आपल्याविरुद्ध कट करतात असे मूल म्हणू लागले, तर दोन आठवडेही थांबू नका. नजर लागली, बाहेरचे झाले असे समजून अंगारे-धुपाऱ्यांत महिने घालवू नका. देवाला नमस्कार अवश्य करा. पण उपचार त्याच दिवशी सुरू करा.

“मी गेलो तर बरं होईल”, “माझं ओझं झालंय तुम्हाला” असे उद्गार, आवडत्या वस्तू वाटून टाकणे किंवा निरोपाची भाषा हे तातडीचे संकेत आहेत. अशा वेळी शांतपणे, थेट विचारा: “जीव द्यावा असे विचार मनात येतात का?” असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट, कोणीतरी विचारले या जाणिवेनेच मुलाला हायसे वाटते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरात ठेवू नका. शक्य नसेल तर कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्यांपाशी राहू द्या. आपल्या स्वतःच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, झोपेच्या गोळ्याही उशाशी न ठेवता कुलूपबंद करा.

मदत दूर नाही. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक विनामूल्य आहे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. प्रसंग तातडीचा असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे. पोलीस केस होईल या भीतीने काही कुटुंबे गोष्ट दडवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा प्रसंगातील व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच मानले जाते आणि तिला उपचार मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

औषधांविषयी दोन शब्द. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण येण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाकडे अधिक लक्ष ठेवावे आणि अस्वस्थता वाढल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. समुपदेशनाच्या भेटीही तितक्याच गरजेच्या आहेत.

आपली स्वतःची काळजी

खोलीवर राहणाऱ्या आजीला गावाकडचे अंगण नसते, मैत्रिणी नसतात आणि नातवाच्या काळजीने तिचीही झोप उडते. गुडघे दुखत असताना जिने चढावे लागतात. रक्तदाबाची गोळी राहून जाते. आपण कोमेजलात, तर नातवाच्या आधाराचे काय? आपल्या गोळ्या वेळेवर घ्या, शेजारच्या खोलीतील आजीशी मैत्री करा, एखाद्या सायंकाळी मंदिरात किंवा बागेत जाऊन बसा. महिन्यातून एकदा मुलाला किंवा सुनेला चार दिवस बोलावून आपण गावी जाऊन या. त्यात आपला कमीपणा नाही.

त्या आजीच्या नातवाकडे पुन्हा वळतो. मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासले. वडिलांचा आजार त्याच्यात नव्हता. त्याला नैराश्य होते आणि आपणही वडिलांसारखे होणार ही भीती त्याने दोन वर्षे कोणालाही सांगितली नव्हती. औषधे, समुपदेशन आणि आजीची रोजची वीस मिनिटे, असे जवळजवळ वर्षभर चालले. ‘नीट’मध्ये त्याचा नंबर लागला नाही. त्याने कृषी पदवीला प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी त्याला पुन्हा त्रास सुरू झाला. पण या वेळी तीन खेपा पोटदुखीच्या झाल्या नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानेच मला फोन केला आणि म्हणाला, “सर, झोप बिघडायलीय. मी दाखवायला येऊ का?”

मला त्या फोनचा जितका आनंद झाला, तितका एखाद्याच्या उत्तम निकालाचाही झाला नसता. मुलगा पुन्हा पडणारच नाही, असे आश्वासन मी त्याच्या आजीला कधी दिले नव्हते. पडू लागलो तर कोणाला हाक मारायची, हे मात्र तो शिकला होता. आज रात्री आपल्या नातवंडाचे ताट वाढाल तेव्हा फोन बाजूला ठेवा, त्याच्याजवळ बसा आणि दिवस कसा गेला, एवढेच विचारा.